शब्द आणि प्रत्यक्ष : संगणकभाषेतील अव्याख्यात वर्तनाचा विचार

एखाद्या गोष्टीविषयी शंका उत्पन्न झाली, म्हणजे माणूस दोन मार्गांनी तिचे निरसन करतो. एक तर तो ती गोष्ट करून पाहतो, नाहीतर जाणत्याला किंवा ग्रंथाला विचारतो. भाकरी फुगते की नाही हे तव्यावर टाकल्यावाचून कळत नाही. परंतु सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, हे शेतात कितीही फेऱ्या मारल्या तरी कळणार नाही; त्यासाठी उताराच काढावा लागतो. या दोन मार्गांपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. संगणकाच्या युगात तो नव्या वेषात पुन्हा उभा राहिला आहे. आमच्या मते श्रेष्ठकनिष्ठतेचा हा वाद मुळातच निरर्थक आहे. कोणत्या प्रश्नास कोणते प्रमाण लागू पडते, एवढेच पाहावयाचे असते. हे का, ते संगणकभाषांतील एका विलक्षण प्रकाराच्या आधारे येथे सांगण्याचा विचार आहे. संगणकाचा ज्यांना गंधही नाही अशांनीही हा विषय परका मानू नये. बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट आणि रुग्णालयातील यंत्रे ज्या आज्ञांवर चालतात, त्यांच्या विश्वासार्हतेचा हा प्रश्न आहे.

सांगली-साताऱ्याकडील, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पुढील जातीचा प्रश्न परिचयाचा असतो. तोंडी परीक्षेत तो विचारतात, नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, आणि त्याला चार पर्याय देऊन गुणही देतात. ‘सी’ नावाच्या संगणकभाषेत क या चलाचे मूल्य ५ आहे. तर ‘++क + ++क’ याचे उत्तर काय? येथे क च्या आधीची दोन अधिकचिन्हे म्हणजे ‘क मध्ये एक मिळव आणि वाढलेले मूल्य घे’ अशी आज्ञा होय. विद्यार्थी हिशेब मांडतो : पहिल्या वाढीने क झाला ६, दुसऱ्या वाढीने ७, सहा आणि सात मिळून तेरा. त्याचा मित्र म्हणतो, तसे नव्हे. आधी दोन्ही वाढी होतात, क सात होतो, आणि मग सात अधिक सात चौदा. वाद मिटेना, तेव्हा दोघे प्रयोगशाळेत जातात, संगणकावर चार ओळी लिहितात आणि पडद्यावर जो आकडा उमटेल तो खरा मानतात.

आता गंमत अशी, की ‘सी’ भाषेतील आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवून देणारे जे दुभाषे असतात, ज्यांना कंपायलर म्हणतात, त्यांपैकी जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर सर्वसाधारणपणे येथे चौदा देतो आणि तितकाच प्रसिद्ध असलेला क्लँग हा तेरा देतो. दोघेही जगभर वापरात आहेत, दोघेही नामवंत आहेत. मग चूक कोणाची? उत्तर असे, की दोघांपैकी कोणाचीच नाही. चूक प्रश्नाची आहे. ‘सी’ भाषेच्या मानकात, म्हणजे तिच्या अधिकृत नियमग्रंथात, एकाच पदावलीत एकच चल दोनदा बदलले आणि त्या दोन बदलांत आधीनंतरचा क्रम ठरलेला नसेल, तर पुढे काय व्हावे याविषयी कोणतेही बंधन घातलेले नाही. याला इंग्रजीत ‘अनडिफाइन्ड बिहेविअर’ असे नाव आहे. आम्ही त्यास अव्याख्यात वर्तन म्हणू. गणितात शून्याने भागण्याला जसा अर्थ दिलेला नाही, तसा येथे या आज्ञेला अर्थ दिलेला नाही. जावा या दुसऱ्या भाषेच्या नियमग्रंथाने मात्र डावीकडून उजवीकडे जाण्याचा क्रम स्पष्ट ठरवून दिला आहे. म्हणून तेथे याच प्रश्नाचे उत्तर तेरा आणि तेराच.

हा नियमग्रंथ आला कोठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ भाषा घडवली. १९७८ साली ब्रायन कर्निहन व रिची यांचे तिच्यावरील पुस्तक निघाले आणि कित्येक वर्षे तेच नियमाच्या ठिकाणी होते. परंतु भाषा झपाट्याने पसरली, जो तो आपापल्या यंत्रासाठी कंपायलर करू लागला, आणि पुस्तकाने जेथे मौन पाळले होते तेथे प्रत्येकाने आपापली समजूत चालवली. तेव्हा १९८३ साली अमेरिकेत एक समिती नेमली गेली. तिचे मानक १९८९ साली निघाले व पुढल्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय झाले. त्यानंतर १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ या साली त्याच्या नव्या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या आहेत.

हे मानक म्हणजे यंत्राचे वर्णन नव्हे. तो एक करार आहे. एका बाजूला प्रोग्राम लिहिणारा, दुसऱ्या बाजूला कंपायलर करणारा. तू अशी आज्ञा लिहिलीस तर मी असे फळ देईन, असे वचन त्यात आहे. आणि तू अमुक अमुक कधीच करणार नाहीस, असे उलट वचनही त्यात घेतलेले आहे. ही गोष्ट नीट ध्यानी घेतली, की करून पाहण्याने आपला प्रश्न का सुटत नाही ते कळते. करून पाहिल्याने काय घडले ते दिसते. काय घडवण्यास समोरचा बांधलेला आहे ते दिसत नाही. सावकाराने काल उसने दिले हे डोळ्यांना दिसते. उद्या देण्यास तो बांधलेला आहे की नाही, हे कागदच सांगू शकतो.

आपल्याकडील मीमांसकांनी हे तत्त्व फार पूर्वी ओळखले होते. प्रत्यक्षाने जे विद्यमान आहे तेवढेच कळते. जे कर्तव्य आहे, म्हणजे अजून व्हावयाचे आहे, ते इंद्रियांना गोचर होत नाही. म्हणून त्यासाठी शब्द हेच प्रमाण, अशी त्यांची भूमिका होती. वाक्याचा अर्थ कसा लावावा आणि विधी कशाला म्हणावे याचे जे सूक्ष्म शास्त्र त्यांनी रचले, त्याचा सप्तखंडात्मक ‘मीमांसाकोश’ सातारा जिल्ह्यातील वाई येथेच केवलानंद सरस्वती यांनी सिद्ध केला, आणि तेथील प्राज्ञपाठशाळेने तो १९५२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध केला. यज्ञविधी आणि संगणकाच्या आज्ञा यांचा काही संबंध आहे असे आमचे म्हणणे नाही. पण बंधनकारक वाक्य कसे वाचावे हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मानकात ज्या गोष्टी एकाच उत्तराला बांधून टाकलेल्या नाहीत, त्यांच्या तीन प्रती आहेत. त्या एकमेकींत मिसळल्याने पुष्कळ गोंधळ होतो. म्हणून त्या वेगळ्या करून पाहू.

पहिली प्रत अशी, की निर्णय कंपायलर करणाऱ्यावर सोपवलेला असतो, परंतु त्याने तो निर्णय लिहून जाहीर केला पाहिजे अशी अट असते. पूर्णांक ठेवण्यासाठी ‘इंट’ नावाचा जो साठा असतो, तो किती मोठा, ही गोष्ट या प्रतीची. आपल्याकडील महाविद्यालयांतून अनेक वर्षे टर्बो सी हा जुना कंपायलर वापरात होता. त्यात इंट दोन बाइटचा, म्हणजे ३२,७६७ हा त्यातला सर्वांत मोठा आकडा. विद्यार्थ्यांनी ते करून पाहिले, वहीत लिहिले, आणि ‘सी मध्ये इंट दोन बाइटचा असतो’ असा सिद्धान्तच बनवला. आजच्या नेहमीच्या कंपायलरांत तो चार बाइटचा असतो व २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. निरीक्षण खरे होते; त्यावरून काढलेला सिद्धान्त खोटा होता. येथे मानक वाचून निर्णय कोणाचा ते समजते आणि कंपायलरची माहितीपुस्तिका वाचून तो निर्णय काय ते समजते.

दुसरी प्रत विकल्पाची. काही ठिकाणी मानक दोन किंवा अधिक मार्ग मोकळे ठेवते आणि त्यांपैकी कोणताही घेतला तरी चालेल म्हणते; कोणता घेतला ते सांगण्याचेही बंधन नाही. यज्ञात तांदूळ घ्यावा किंवा जव घ्यावा, दोहोंपैकी कशानेही कर्म सिद्ध होते, हे मीमांसेतले विकल्पाचे प्रसिद्ध उदाहरण. ‘सी’ मध्ये दोन उपकार्यांची उत्तरे मिळवून बेरीज करावयाची असेल, तर कोणते उपकार्य आधी करावे हे बहुधा असे वैकल्पिक असते. शहाण्याने प्रोग्रामच असा लिहावा, की तांदूळ आला काय आणि जव आला काय, फळ एकच मिळावे.

तिसरी प्रत म्हणजे आपले अव्याख्यात वर्तन, आणि ही सर्वांत कठोर. वर दिलेल्या बेरजेत तेरा किंवा चौदा यांपैकी काहीही येईल, एवढाच तिचा अर्थ नाही; तसे असते तर ती दुसऱ्या प्रतीत बसली असती. येथे करारच संपुष्टात येतो. समजा, सांगलीच्या बाजारातील एका व्यापाऱ्याने हळदीचा सौदा केला आणि कागदात अशी अट घातली, की पोती भिजवून आणल्यास हा करार रद्द. आता पोती भिजली, तर भाव थोडा कमी मिळेल असे समजण्यात अर्थ नाही. भाव, वजन, वाहतूक, मुदत, कशावरच बोट ठेवता येणार नाही. गतवर्षी ओल्या पोत्यांचे पैसे त्याने चुकते केले होते हे खरे असेल. पण तो त्याचा चांगुलपणा किंवा निष्काळजीपणा, आपला हक्क नव्हे. अव्याख्यात आज्ञा चाचणीत दहा वेळा ‘बरोबर’ चालते, तिचा अर्थ यापलीकडे काही नाही.

कोणी विचारील, की अशा पळवाटा समितीने ठेवल्याच कशाला? त्यामागे दोन कारणे होती. त्या काळी यंत्रे परस्परांहून फार भिन्न होती. ऋण संख्या मांडण्याच्या पद्धतीही एकाहून अधिक होत्या. एका यंत्राला जे सहज, ते दुसऱ्याला शंभर आज्ञांचे काम. सर्वांना एकच वर्तन सक्तीचे केले असते तर भाषेचा वेग गेला असता. दुसरे कारण आज अधिक महत्त्वाचे आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने अमुक गोष्ट होणार नाही असे वचन दिलेले असल्यामुळे कंपायलर त्या वचनावर विसंबून अनुमाने काढतो, अनावश्यक आज्ञा गाळतो आणि प्रोग्राम वेगवान करतो. २०२४ च्या मानकाने ऋण संख्यांची पद्धत अखेर एकच ठरवून टाकली. तरीही चिन्हयुक्त पूर्णांक मर्यादेबाहेर गेल्यास काय व्हावे, हे अव्याख्यातच ठेवले, ते याच दुसऱ्या कारणासाठी.

ही अनुमाने कशी चालतात ते पाहण्यासारखे आहे. एका सावध प्रोग्रामरला भीती वाटते, की क मध्ये एक मिळवताना तो इंटच्या मर्यादेबाहेर जाईल. म्हणून तो पहारा बसवतो : ‘क + १ हे क पेक्षा लहान झाले, तर थांब.’ मर्यादा ओलांडली की आकडा उलटून ऋण होतो, हे त्याने करून पाहिलेले असते. तो चाचणी घेतो आणि पहारा चोख काम करतो. पुढे ग्राहकाकडे पाठवताना वेग वाढवण्याची सूचना देऊन त्याच कंपायलरकडून तोच प्रोग्राम पुन्हा तयार करून घेतात. आता कंपायलर विचार करतो : मर्यादा ओलांडणार नाही असे लिहिणाऱ्याचे वचन आहे, तसे असेल तर क + १ हे क पेक्षा नेहमीच मोठे, म्हणजे ही अट कधीच खरी होणार नाही, म्हणजे ती निरुपयोगी. आणि तो पहारा काढून टाकतो. यंत्र तेच, कंपायलर तोच, प्रोग्रामचे अक्षरही बदललेले नाही, आणि चाचणीत उभा असलेला पहारेकरी प्रत्यक्ष कामाच्या दिवशी नाहीसा झालेला असतो. बरोबर रीत अशी, की मिळवण्यापूर्वीच क हा कमाल आकड्याइतका झाला आहे का ते पाहावे. ही रीत करून पाहण्याने सुचत नाही, करार वाचल्याने सुचते.

हे केवळ वर्गातले उदाहरण नव्हे. २००९ साली लिनक्स या कार्यप्रणालीच्या जाळेजोडणीच्या एका भागात असाच प्रकार उघडकीस आला. त्या भागाला स्मृतीतील एक पत्ता मिळत असे. लिहिणाराने आधी त्या पत्त्यावरची वस्तू उचलली आणि पुढच्या ओळीत तो पत्ता रिकामा, म्हणजे शून्य, तर नाही ना ते तपासले. पाहुणा माजघरात जाऊन बसल्यावर दारात त्याची चौकशी करावी, तसे हे झाले. शून्य पत्त्यावरून काही उचलणे हे ‘सी’ मध्ये अव्याख्यात आहे. कंपायलरने अनुमान केले, की ज्या अर्थी वस्तू उचलली त्या अर्थी पत्ता शून्य असणे शक्य नाही. मग पुढची तपासणी हवी कशाला? ती त्याने गाळली, आणि संगणकाचा संपूर्ण ताबा परक्याच्या हाती जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे त्या ओळींचा क्रम दुरुस्त केला गेला, आणि लिनक्सचा गाभा तयार करताना अशा तपासण्या गाळू नयेत अशी खास सूचनाही कंपायलरला देण्यात येऊ लागली. मूळ मजकूर वाचणाऱ्या डोळ्यांना तपासणी तेथे दिसतच होती, हा यातला विशेष.

येथवरचे विवेचन ऐकून कोणी म्हणेल, की मग ग्रंथ तेवढा खरा आणि अनुभव खोटा, असेच तुम्हांला म्हणावयाचे आहे काय? मुळीच नाही. ग्रंथावर विसंबून राहिल्याने काय होते, हे याच भूमीने पाहिले आहे. दख्खनचे पठार अचल, तेथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, अशी तज्ज्ञांची समजूत होती आणि भूकंपाच्या मानकातील त्या वेळच्या नकाशांतही कोयनेचा परिसर अत्यल्प धोक्याचा मानला होता. कोयना धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जो धक्का बसला, त्यात सुमारे पावणेदोनशे माणसे प्राणास मुकली. धरणाच्या पोटातील मार्गिकेत बसवलेल्या उपकरणाने प्रवाहाच्या दिशेने सुमारे एकोणपन्नास टक्के जोर नोंदवला. आराखड्यातला आकडा आणि उपकरणावरचा क्षणिक आकडा काटेकोरपणे एका जातीचे नव्हेत; तरीही अंतर डोळे उघडणारे होते. धरणाचा उतार जेथे बदलतो, त्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण टिकले, आणि नंतर मागील बाजूने आधार देऊन ते बळकट करण्यात आले. मानकाला मात्र आपला नकाशा बदलावा लागला. १९७० च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या, पट्ट्यात गेला.

निसर्गाने मानक समितीशी करार केलेला नसतो. तेथे ग्रंथ म्हणजे आजवरच्या निरीक्षणांचा गोषवारा. नवे निरीक्षण आले की ग्रंथाने मान तुकवलीच पाहिजे. संगणकभाषेचे मानक तसे नाही. ते कशाचे वर्णन करीत नाही, ते नियम घालते. म्हणून भूकंपाच्या ग्रंथाला उपकरण खोटे पाडू शकते. ‘सी’च्या मानकाला कोणत्याही संगणकाच्या पडद्यावरचा आकडा खोटा पाडू शकत नाही. फार तर कंपायलरने वचन मोडले एवढे सिद्ध होईल.

आणि वचने मोडली जातातही. म्हणून चाचणीचे स्थान येथेही आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील संशोधकांनी सीस्मिथ नावाचे एक साधन केले. ते आपण होऊन हजारो ‘सी’ प्रोग्राम लिहिते आणि निरनिराळ्या कंपायलरांची उत्तरे ताडून पाहते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, तीन वर्षांत कंपायलरांतील सव्वातीनशेहून अधिक दोष सापडल्याचे नमूद आहे. परंतु हे साधन अव्याख्यात वर्तन नसलेलेच प्रोग्राम लिहावे, याची कसोशीने काळजी घेते. तसे नसते तर दोन कंपायलरांची उत्तरे भिन्न आली असता अपराधी कोण हे ठरलेच नसते. कराराची अट आपण पाळली असेल तरच दुसऱ्यावर फिर्याद करता येते.

मग करावे काय? उत्तर किती येते, हे विचारण्यापूर्वी, ते उत्तर देण्याचे वचन कोणी दिले आहे, हे विचारावे. वचन मानकाचे असेल तर निःशंकपणे विसंबावे. कंपायलरचे असेल तर त्याच्या पुस्तिकेतील वाक्य शोधावे आणि आपला प्रोग्राम त्या कंपायलरशी बांधला गेला, याची नोंद ठेवावी. कोणाचेच नसेल तर ती ओळ पुसून सरळ ओळ लिहावी. त्यानंतर चाचणी जरूर घ्यावी. कारण वाचणारा माणूस असतो आणि माणूस चुकतो. प्रोग्राम चालू असताना मर्यादाभंगासारख्या अव्याख्यात गोष्टी घडल्या तर ओरडून सांगणारी साधने आता जीसीसी व क्लँग या दोहोंबरोबर फुकट मिळतात. ती वापरावी, पण त्यांचीही मर्यादा ओळखावी : प्रोग्रामच्या ज्या वाटेने आपण चाललो तेवढ्याच वाटेवरचे खड्डे ती दाखवतात. आणि वेगवर्धनाच्या सूचनेसह व सूचनेशिवाय, दोन्ही रीतींनी प्रोग्राम तपासावा; ज्या रूपात तो ग्राहकाकडे जाणार, त्या रूपात तर अवश्य तपासावा.

शेवटी एक मागणे अध्यापकवर्गाकडे आहे. ‘++क + ++क’ हा प्रश्न टाकाऊ नाही. पर्यायांमध्ये ‘मानकानुसार अव्याख्यात’ हा एक पर्याय घातला आणि गुण त्यालाच दिले, तर याहून उपयुक्त प्रश्न नाही. आज तेरा किंवा चौदा लिहिणाऱ्यास गुण देऊन आपण त्याला शिकवतो ते एवढेच, की पडद्यावर उमटले म्हणजे झाले. हाच विद्यार्थी चार-पाच वर्षांनी एखाद्या रुग्णालयातील यंत्राचा किंवा धरणाच्या दरवाजांच्या नियंत्रणाचा प्रोग्राम लिहीत असेल. तेथे चाचणीच्या दिवशी सर्व काही सुरळीत चालेल. चाचणीत न आलेल्या दिवशी काय व्हावे, हे त्याने कोठे वाचले आहे की नाही, यावर पुष्कळांचे बरेवाईट अवलंबून राहील.